देवीपुढचा गठ्ठा

कोडोली, १९७८

२७ एप्रिल, गुरुवार

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर वांग्यांची पाटी. ठेवणारा गायब. दुपारी कोंबडी आली, ती मात्र मालकासकट आली. ‘गुरुजी, आमच्या पोरीकडं जरा बघा की,’ एवढंच म्हणून गृहस्थ ओट्यावर बसून राहिले. मी कोंबडीला आणि गृहस्थांना एकदमच रस्ता दाखवला. वांगी सौ.ने शिजवली होती हे मला जेवताना कळलं.

दरवर्षी हेच. कोल्हापुरात राजारामपुरीत आक्का मुलींचं वसतिगृह चालवतात. सातवी झालेल्या खेड्यातल्या मुलींना तिथं राहणं, जेवण आणि दहावीपर्यंतची शाळा फुकट. जागा मात्र बाराच. यंदा आमच्या शाळेत या जागांसाठीच्या परीक्षेला अठ्ठावन्न मुली बसल्या. पेपर तपासायचं काम आक्का अकरा वर्षं माझ्याकडेच देतात, कारण माझ्या हातून अर्धा गुण इकडचा तिकडे होत नाही. माझा नियम एकच. जे कागदावर आहे त्याला गुण, जे कागदावर नाही त्याला भोपळा.

पण घरी बसून हे काम होणार नाही. उद्यापासून पेपर सरस्वतीच्या देवळात घेऊन बसतो. देवीसमोर वशिला लावायला कोण येतो ते बघू.

२९ एप्रिल, शनिवार

देऊळ झकास. ओढ्याकाठी, गार. मूर्ती काळ्या दगडाची, हातातली वीणा झिजून झिजून पळीसारखी दिसते. लोक तिला वह्यांची देवी म्हणतात. वार्षिक परीक्षा संपली की गावातली पोरं भरलेल्या वह्या आणून तिच्यापुढे ठेवतात. त्या रद्दीत घालायच्या नाहीत, दुकानदाराला पुड्या बांधायला द्यायच्या नाहीत. अमावास्येपर्यंत देवी त्या वाचते असं पोरं मानतात. मग धोंडुबाई त्या फडक्यात बांधून, बैलगाडीत घालून वारणेच्या डोहात सोडते. एकदा देवीपुढे ठेवलेला कागद कुणी परत उचलत नाही. कोडोलीतल्या चोरानेसुद्धा आजवर उचललेला नाही, म्हणून तर मी ही जागा निवडली.

धोंडुबाई गुरवीण. नवरा गेल्यापासून पूजा, झाडलोट, दिवाबत्ती सगळं तीच बघते. मी तपासलेले आणि न तपासलेले पेपर एकत्र बांधायला काही मागितलं, तर तिनं देवीचं तांबडं फडकं काढून दिलं. गाठ मारून गठ्ठा मी गाभाऱ्यात, देवीच्या डाव्या अंगाला ठेवला. ती दारात उभी राहून बघत होती.

‘हे बी देवीचंच व्हय गुरुजी?’

‘देवीचंच समजा,’ मी म्हणालो. ‘विद्या आहे ती. दुसऱ्या कुणाची असणार?’

उत्तर मला बरं सुचलं. धोंडुबाईनंही मान हलवली. सौ.ला सांगितलं तर ती हसली नाही. तिला अशा गोष्टी समजत नाहीत.

२ मे, मंगळवार

एकतीस झाले. बहुतेक सगळ्यांनी निबंधात तीच गाय, तोच गोठा, तेच शेणानं सारवलेलं अंगण लिहिलंय. ‘माझे घर’ या विषयावर इतक्या मुलींना एकच घर असावं याचं नवल वाटतं.

एक पेपर वेगळा निघाला. मौला पिंजाऱ्याची हाफिजा. तिचा बाप गावोगाव जाऊन गाद्या भरतो. तिनं लिहिलंय की आमच्या घरात कापूस सगळ्यांच्या आधी जेवतो, कारण भाकरीवर तोच पहिल्यांदा येऊन बसतो. बाप कापूस पिंजायला लागला की लहान भाऊ त्या आवाजावर झोपतो आणि आवाज थांबला की रडतो. मी वाचता वाचता थांबलो आणि पुन्हा वाचलं. गणितं दहाच्या दहा बरोबर. शंभरपैकी एकोणनव्वद दिले. नव्वद दिले असते, पण शेवटच्या पानाला कापसाचा धागा चिकटला होता आणि अक्षर पुसटलं होतं. टापटिपीचा एक गुण कापला.

सौ. म्हणते, रोजच्या गुणांची यादी घरी उतरवून ठेवा. मी म्हटलं, गुण पेपरवर लाल शाईनं लिहिलेत, ते पळून जात नाहीत. सगळे झाले की एकदम यादी करायची, ही माझी पद्धत आहे.

५ मे, शुक्रवार

सेहेचाळीस झाले. उद्या भाचीच्या लग्नाला पेठ वडगावला निघतो. सोमवारी परत. उरलेले बारा पेपर मंगळवारी संपवीन.

८ मे, सोमवार

गठ्ठा नाही.

दुपारी एस.टी.तून उतरलो तो तडक देवळात गेलो. गाभारा धुऊन पुसून लख्ख. देवीपुढे एक वही नाही, एक कागद नाही. मला वाटलं धोंडुबाईनं आत कुठे उचलून ठेवलं असेल. ती ओसरीत वाती वळत होती.

‘माझा गठ्ठा कुठाय?’

‘सोडला की काल. आवस हुती न्हवं? समद्यांबरोबर वारणंला सोडला.’

मी काय बोललो ते आठवत नाही. मी पायरीवर बसलो एवढं आठवतं. तिनं तांब्या भरून पाणी आणलं. मी ते प्यालो नाही.

अठ्ठावन्न पेपर. एकाचाही गुण दुसरीकडे लिहिलेला नाही.

९ मे, मंगळवार

सकाळी वारणेवर गेलो. धोंडुबाईचा गाडीवान बरोबर होता, त्यानं डोहाची जागा दाखवली. फडक्यात दगड बांधून सोडतात, म्हणजे गठ्ठा वर येत नाही. तो दोनदा बुडी मारून आला. हाताला एकच वही लागली, त्यातली शाई वाहून गेली होती. मी धोतर वर खोचून गुडघाभर पाण्यात उभा होतो. बायका धुणं थांबवून बघत होत्या. छप्पन्न वर्षांचा माणूस, गावाचा गुरुजी, आणि पाण्यात काय शोधतोय हे कुणाला सांगता येत नव्हतं.

परत येऊन धोंडुबाईला खूप बोललो. पंचांना सांगून देवळातून काढायला लावीन म्हणालो. ती खाली बघून म्हणाली, ‘मी इचारलं हुतं गुरुजी. देवीचंच म्हनलासा की तुमी.’

मी असं कधीही म्हटलेलं नाही. माणसं अंगाशी आलं की दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालतात.

१० मे, बुधवार. अक्षय्य तृतीया

पानात पुरणपोळी होती. जेवण टाकून या वहीची मागची पानं चाळली. किती पेपर झाले होते ते बघायचं होतं.

एकोणतीस तारखेला माझ्याच अक्षरात लिहिलंय. तिचा प्रश्न लिहिलाय, माझं उत्तर लिहिलंय, आणि उत्तर बरं सुचलं असंही लिहिलंय. देवीपुढचा कागद कुणी परत उचलत नाही, अमावास्येला तो डोहात जातो, हेही त्याच पानावर मीच लिहिलंय.  हे पान फाडावं असं क्षणभर वाटलं.

संध्याकाळी देवळात गेलो. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो, पण तोंडातून निघालं ते असं, ‘धोंडुबाई, त्यावर लाल शाईचे आकडे होते. तुम्हाला बघून कळायला हवं होतं.’

‘मला वाचता येत न्हाय गुरुजी,’ ती म्हणाली. ‘म्हनून तर इचारलं.’

इतकी वर्षं मी त्या देवळात जातो. सरस्वतीची पूजा करणाऱ्या बाईला वाचता येत नाही, हे मला आज कळलं.

१३ मे, शनिवार

परवा निकाल. सकाळपासून यादी करायला बसलो. नऊ पेपर मला जसेच्या तसे आठवतात. हाफिजा ८९, हे तर डोळे मिटूनही दिसतं. बाकीच्यांचे आकडे मनानं घालावेत असं ठरवलं. कुणाला कळणार? एका नावापुढे २८ लिहिलं. लेखणी थांबली. ही मुलगी कोण, तिनं काय लिहिलं होतं, काही आठवेना. एरवी अठ्ठावीस लिहिताना माझा हात कधी अडला नाही. २८ खोडून ३५ केलं, मग ५२ केलं, मग कागद फाडून चुलीत घातला.

सौ. म्हणाली, ‘कोल्हापूरला जाऊन आक्कांना सांगून मोकळे व्हा.’ सोमवारी जातो म्हटलं.

१५ मे, सोमवार

गेलो नाही. आक्कांना पत्र टाकलं की प्रकृती बरी नाही, पोटाचा विकार आहे, निकालाला थोडा वेळ लागेल. लिहिल्यावर पोट खरंच दुखायला लागलं.

शाळेच्या फळ्यावर निकाल लागायचा म्हणून माणसं जमली होती म्हणे. संध्याकाळी मौला पिंजारी दारात आला. मी आतल्या खोलीत पडलो होतो. सौ.नं सांगितलं, ‘त्यांना बरं नाही.’

‘निकाल कवा हाय भाभी?’

‘कळवतील.’

तो जरा वेळ उभा राहिला असावा. वहाणांचा आवाज उशिरा गेला. खरं तर उठून त्याला सांगायला हवं होतं की तपासलेल्यांत तुझी पोर पहिली आहे. पण मग त्यानं विचारलं असतं, पेपर दाखवा.

२१ मे, रविवार

मौला पुन्हा येऊन गेला. मी पुन्हा आजारी होतो.

सौ. माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि निघून जाते.

२४ मे, बुधवार

आज सांगितलं.

राजारामपुरीपर्यंत बसमध्ये शब्द जुळवत गेलो, पण आक्कांच्या खोलीत पाय टाकला आणि सगळे विसरलो. झालं ते सगळं भडाभडा सांगून टाकलं. आक्का चष्मा काढून ऐकत होत्या. त्या ओरडतील असं वाटलं होतं.

‘आवस सातला झाली,’ त्या म्हणाल्या. ‘आज चोवीस. सतरा दिवस काय करत होता गुरुजी?’

मी पोटाच्या विकाराचं सांगायला लागलो, त्यांनी हात वर केला.

‘पेपर बुडाले, समजलं. माणसाच्या हातून होतं. पण ह्या सतरा दिवसांत पोरींच्या घरात काय काय झालं असंल, ते तुमी का मी सांगू शकतो?’

परीक्षा ४ जूनला पुन्हा घ्यायची ठरली. प्रत्येकीच्या घरी आक्का कार्ड टाकणार. मी म्हणालो, एक पेपर तर मला डोळे मिटूनही दिसतो, हाफिजाचा, एकोणनव्वद. आक्का लगेच म्हणाल्या, ‘खात्री हाय?’

‘शंभर टक्के.’

‘मग लिहून द्या. तिची जागा आजच ठेवते.’

मी नाही म्हटलं. कागदाशिवाय गुण मी अकरा वर्षांत दिलेला नाही. सगळं गमावलं तरी एवढा नियम तरी शाबूत राहू दे. हुशार मुलगी आहे, पुन्हाही पहिली येईल. आक्कांनी चष्मा पुन्हा लावला. निदान एका बाबतीत मी ताठ राहिलो याचं परतताना बरं वाटलं.

४ जून, रविवार

पन्नास आल्या. आठ गैरहजर. हाफिजा आली नाही.

घंटा झाल्यावरही पाव तास मी शाळेचं दार उघडं ठेवलं. आक्का स्वतः आल्या होत्या. त्यांनी घड्याळाकडे बोट केलं, तेव्हा लोटलं. तिची जागा खिडकीजवळ होती. तीन तास त्या रिकाम्या बाकाकडे मी बघायचं टाळत होतो.

निघताना आक्का म्हणाल्या, ‘ज्या आल्या न्हाईत त्यांच्या घरी तुमी जायचं. बुधवारपर्यंत बसल्या जागी पेपर घ्या, मला चालंल. बुधवारी यादी पायजे.’

५ जून, सोमवार

आठ घरं. पाच मुलींची नावं वडगावच्या हायस्कुलात घातली होती. निकालाची वाट बघून कंटाळले म्हणाले. दोघींच्या बापांनी मला दारातूनच परतवलं, ‘हितं काय थट्टा चाललीया व्हय?’ मौलाचं घर सगळ्यात जवळ होतं. तिथं सगळ्यात शेवटी गेलो.

तो गादीला टाके घालत होता. उठला नाही. मला बसा म्हणाला आणि सुई चालूच ठेवली.

‘हाफिजा?’

‘इचलकरंजीला. माझी भन हाय शमशाद, तिच्याकडं. मागावर सुताच्या कांड्या भरती.’

‘आक्कांचं कार्ड आलं नाही?’

‘आलं की. पर ती गेल्यावर आलं. आनि परत परीक्षा कशापायी? एकदा झाली न्हवं?’

‘मग तिला पाठवलीच का?’

‘निकाल न्हाय म्हंजी नापासच की गुरुजी. पास झाल्यावर कोन लपवून ठेवतंय? दोनदा आलतो तुमच्या दारात. गरिबाला तोंडावर कसं सांगायचं म्हनून आजारी पडला असाल, आसं वाटलं मला.’

तो हे रागानं म्हणाला नाही. मला समजून घेत म्हणाला. मी म्हटलं, मौला, तिला एकोणनव्वद होते, तपासलेल्या सेहेचाळीस मुलींत तेवढे कुणालाच नव्हते. पेपर माझ्या चुकीनं बुडाले.

त्याची सुई थांबली. 

‘नापास झालीस, आसं मी सांगितलं तिला,’ तो म्हणाला. ‘माझ्या तोंडानं सांगितलं.’

६ जून, मंगळवार

पहिल्या गाडीनं इचलकरंजी. मौला बरोबर आला नाही. म्हणाला, मला तिच्यापुढं हुबं राहवायचं न्हाय.

पत्र्याची शेड, आत कापड विणणारे चोवीस माग. असा आवाज की आपलाच श्वास आपल्याला कळत नाही. हाफिजा कोपऱ्यात कांडी मशीनवर होती. मला बघून ती उठून उभी राहिली, वर्गात राहायची तशी. तिची आत्या शमशाद शेजारीच होती. मी हळू बोललो, तिला ऐकू गेलं नाही. जरा मोठ्यानं बोललो, तरी नाही. शेवटी ओरडलो, ‘पेपर माझ्याकडून हरवला. तू नापास नव्हतीस.’

‘काय?’ शमशादनं विचारलं.

मला ते तीनदा ओरडावं लागलं. जे सतरा दिवस आक्कांच्या कानात सांगता आलं नव्हतं, ते मी पस्तीस अनोळखी माणसांपुढे बोंबलून सांगत होतो. मागवाले वळून बघत होते. एकानं माग बंद केला.

 हाफिजा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘मी रोज आठवून बघतीया गुरुजी, कुटं चुकलं. सातवं गनित चुकलं का? मला वाटतंय सातवंच.’

‘सातवं बरोबर होतं. सगळी बरोबर होती.’

तिला ते खरं वाटलं नाही. स्पष्ट दिसत होतं. जो माणूस महिनाभर काही बोलला नाही, त्याच्या शब्दावर तिनं का विश्वास ठेवावा? मी पिशवीतून नवा पेपर काढला. शमशाद म्हणाली, ‘तीन तास कांड्या कोन भरनार?’ मी म्हटलं, मी भरतो. ती हसली आणि स्वतःच बसली.

सुताच्या पोत्यावर बसून हाफिजानं पेपर लिहिला. बोटांच्या टोकांना चिरा पडल्या होत्या, लेखणी नीट धरता येत नव्हती. मधेच थांबायची, मागाकडे बघायची, पुन्हा लिहायची. आवाज एक क्षणही थांबला नाही.

७ जून, बुधवार

चार तारखेपासून रात्री जागून तपासत होतो, उरलेले आज पहाटे घेतले. एकेका पेपरचा गुण लगेच यादीत, आणि यादीची एक प्रत सौ.कडे. हाफिजाचा पेपर सगळ्यात शेवटी घेतला.

एकाहत्तर.

पुन्हा तपासला. एकाहत्तरच. दोन गणितं चुकली, एक अर्धं सोडलंय. निबंध ‘माझी शाळा’. तिनं चार ओळी लिहिल्यात आणि पाचवी खोडली आहे. कुठेही गुण वाढवता येत नाही, आणि मी कुठून तरी एखादा मिळतो का हे शोधत होतो.

बाराव्या क्रमांकावर चौऱ्याहत्तर आहेत. ती केरबाची मुलगी. केरबा आमच्याकडे दूध घालतो, आज सकाळीही घालून गेला, निकालाबद्दल एक शब्द न विचारता. मुलीनं स्वच्छ लिहिलंय, दोनदा परीक्षेला बसली, तिची काहीही चूक नाही.

दुपारपर्यंत नुसता बसून होतो. कागदावर एकाहत्तर आहेत, आणि कागदाशिवाय गुण नाही हा माझा नियम आहे. त्या नियमानं चाललो तर माझी चूक हाफिजानं फेडायची. नियम मोडला तर ती केरबाच्या मुलीनं फेडायची. मी फेडायची अशी सोय कुठेच नाही. आक्कांना तेरावी जागा मागता येईल असं वाटलं. पण जागा बाराच, हे अकरा वर्षं मीच आईबापांना ठणकावून सांगत आलोय.

सौ.ला दोन्ही आकडे सांगितले. तिनं विचारलं, ‘एकोणनव्वद तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघितले होते ना?’ बघितले होते.

यादीत पहिलं नाव हाफिजा मौला पिंजारी, गुण ८९, असं लिहिलं. खाली लिहिलं की हा पेपर उपलब्ध नाही, तो मी तपासला होता आणि माझ्या चुकीनं बुडाला. दुसऱ्यांदा घेतलेला एकाहत्तरचा पेपर सोबत जोडला. आणखी एक ओळ लिहिली की पुढच्या वर्षीपासून हे काम माझ्याकडे देऊ नये. हे बरोबर केलं की अन्याय केला, हे मला कळत नाही, आणि कळेल असंही वाटत नाही. चारच्या गाडीनं स्वतः जाऊन यादी आक्कांच्या हातात दिली. त्यांनी वाचली, सही केली. तेरावी जागा विचारली तर नाही म्हणाल्या.

केरबाची मुलगी आता तेरावी आहे. शाळेच्या फळ्यावर निकाल परवा लागेल. त्याच्या आधी, उद्या सकाळी केरबा दूध घेऊन येईल तेव्हा दार मी उघडणार आहे, आणि त्याला मी सांगणार आहे.